फुंकरीने न उडणारा कोंडा

धाकटीला धाकटी म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे थोरली. बाकी सगळ्यांची ती मावशी. ज्यांचे केस तिने धुतले त्या बायकांची मावशी, त्यांच्या मुलींची मावशी, आणि त्या मुलींच्या मुलीही जिन्यात भेटल्या की मावशी म्हणूनच हाक मारायच्या. सख्खा भाचा एकुलता एक, पण मावशीपणाचा पसारा असा वस्तीभर. लग्न तिने केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "अगं, दिवसभर बायकांची डोकी हातात. संध्याकाळी घरी येऊन आणखी एक डोकं कोण सांभाळणार?"

थोरलीचा नवरा तरुणपणीच गेला. मुलगा तेव्हा रांगत होता. दोघी बहिणींनी रस्त्यालगतची एक खोली भाड्याने घेतली, तीन आरसे टांगले आणि बायकांचे केस कापायचं दुकान काढलं. दारावर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. "बहिणींकडे जाऊन येते" म्हटलं की घरच्यांना कळायचं. थोरली कापायची. तिचं दिवसभरातलं बोलणं म्हणजे एकच वाक्य, "मान हलवू नकोस." धाकटी धुवायची, विंचरायची, सुकवायची आणि उवा बघायची. भाचा धुतलेल्या टॉवेलांच्या टोपलीत झोपायचा.

उवा बघणं हे काम कुणी हलकं समजू नये. शाळा उघडल्या की आया आपापल्या पोरींना दंडाला धरून आणायच्या. धाकटी पोरीला खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसवायची, केसांचे चार भाग करायची, तीन भाग चापांनी वर अडकवायची आणि चौथ्यात शिरायची. सुरुवात मानेपासून, मग कानांमागे, मग वर. पांढरं काही दिसलं की त्यावर हलकी फुंकर. उडालं तर कोंडा, बसून राहिलं तर लीख. एवढी साधी परीक्षा, पण तिच्या नजरेतून लीख सुटल्याचं कुणाला आठवत नाही.

आणि सापडली तरी ती तसं तोंडाने म्हणायची नाही. बाकीच्या खुर्च्यांवर बायका कान टवकारून बसलेल्या. पोरीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून बहिणींची एक खूण ठरलेली होती. धाकटी सहज बोलल्यासारखं म्हणायची, "ताई, खिडकी लावून घे गं." थोरली खिडकीकडे बघायचीसुद्धा नाही. ती त्या आईला आतल्या बाजूला न्यायची, हळूच औषधाची बाटली हातात ठेवायची आणि कंगवे उकळायला टाकायची. खिडकी उघडी असायची ती उघडीच राहायची.

कात्री मात्र धाकटीच्या हाती कधी आली नाही. एकदाच आली होती. थोरली तापाने पडली असताना एक बाई अगदी अडून बसली, तेव्हा धाकटीने तिचे केस खांद्यापर्यंत कापून दिले. बाई खूश होऊन गेली. थोरली बरी होऊन कामावर आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि कात्री पुसता पुसता एवढंच म्हणाली, "तुझा हात विंचरणारा आहे, धाकटे. कापणारा नाही." धाकटी पुढच्या बाईचे केस विंचरायला लागली. पण ते वाक्य तिच्या मनाला लागलं ते लागलंच, आणि पुढे इतकी वर्षं दोघी एका खोलीत उभ्या राहिल्या तरी ते कधी निघालं नाही.

वेल आली ती शाम्पूच्या बाटलीतून. गाव सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मनीप्लांटचं एक कांडं रिकाम्या बाटलीत पाणी घालून आणून दिलं आणि म्हणाली, मला आठवत जा. त्या बाईचं नाव काय होतं ते दोघींनाही पुढे आठवेना, पण वेल फोफावली. कुंडीत लावली, पहिल्या आरशावरच्या फळीवर ठेवली, आणि ती सरळ दुसऱ्या आरशावरून तिसऱ्याकडे निघाली. धाकटीने तिला भिंतीवर केसांच्या आकड्यांनी अडकवलं. दर पेरापाशी एक आकडा. गिऱ्हाइकं म्हणायची, शेंडा खुडा, म्हणजे खाली भरेल. थोरली कानावर घ्यायची नाही. "दिवसभर समोर येईल ते कापते," ती म्हणायची. "एवढी एक वेणी माझ्या कात्रीतून सुटू दे."

थोरलीचा स्प्रेवर भारी जीव. लग्नाला, समारंभाला निघालेल्या बाईच्या डोक्यावर ती इतका स्प्रे मारायची की बाई वाऱ्यात उभी राहिली तरी केस हलू नयेत. तो सगळा वर जाऊन वेलीच्या पानांवर बसायचा. सुट्टीच्या सकाळी धाकटी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, बोटं चिकटायची, आणि थोरली खुर्चीत रेलून म्हणायची, "हिलाही जायचंय वाटतं कुठेतरी नटूनथटून." त्या सकाळी दुकान बंद असायचं, रस्ता शांत असायचा, भाचा आरशात तोंडं वेडावत बसलेला असायचा. धाकटीला पुढच्या आयुष्यात सुख म्हटलं की ती चिकट बोटंच आठवायची.

मग थोरलीचा हात थरथरायला लागला. कुणाच्या कानापाशी कात्री नेताना एकदा हलला. कुणाला लागलं नाही, पण थोरलीने कात्री मिटून पिशवीत टाकली आणि दुकान बंद केलं. मुलगा मोठ्या शहरात नोकरीला होता, तो येऊन आईला घेऊन गेला. कात्री तिच्याबरोबर गेली. धाकटी दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची, तिथेच राहिली. थोरली जाण्याआधी दोघींनी मिळून वेलीचा एकेक आकडा सोडवला, धाकटीने ती सगळी वेल दंडाभोवती गुंडाळून घेतली आणि कुंडी पोटाशी धरून जिना चढली. वरच्या खोलीत वेल खिडकीपासून कपाटावर आणि कपाटावरून पलंगाच्या पायथ्यापर्यंत गेली. थोरली फोनवर आधी वेलीची चौकशी करायची, मग बहिणीची.

मग एका वर्षी भाच्याचा फोन आला तो वेगळाच. त्याला परदेशात नोकरी मिळाली होती. तो आणि बायको जाणार होते. आईला इतक्या लांब, त्या थंडीत न्यायचं की नाही हा प्रश्न नव्हताच, आईनेच नाही म्हणून सांगितलं होतं. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे शहरातला वृद्धाश्रम, चांगला होता, तो जाऊन बघून आला होता. दुसरी म्हणजे मावशी.

"दुसरी कशाला, पहिलीच मी," धाकटी म्हणाली.

"मावशी, तसं नाही. आईचा हात चालत नाही. तिला औषधं वेळेवर द्यायची, चहा ओतून द्यायचा. तुझंही वय झालंय. तुझा डोळा कसा आहे?"

"उत्तम," धाकटी म्हणाली. हे खोटं नव्हतं. त्याने डोळा असं एकवचनी विचारलं होतं, आणि तिचा उजवा डोळा खरंच उत्तम होता. डाव्यात मोतीबिंदू पिकत होता, पण त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"आम्ही आईला घेऊन येतो. घर बघतो, मग ठरवू," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. थोरली येणार! ती गेल्यापासून या खोलीत सकाळी पहिला शब्द बोलायला कुणी नव्हतं. धाकटीने पलंग झटकला, दुसरी गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. आणि मग ओलं फडकं घेऊन वेलीकडे वळली, तर पानं चिकट.

तिने बोट बोटाला लावून बघितलं. हो, चिकटच. तसंच, दुकानातल्यासारखं. खरं तर आठ-पंधरा दिवसांपूर्वीही तिला पलंगाजवळच्या पानांना हात लागला होता आणि तेव्हाही चिकट लागलं होतं. तेव्हा तिने काय करावं? पुसलं नाही. तिला वाटलं, थोरलीचा स्प्रे अजून पानांत मुरलेला आहे, उन्हाने सुटून वर येतोय. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, पानं कितीदा गळून नवी आली होती, पण मनाला पटलं की पटलं. तिने बोटं नाकाशी नेऊन वास घेतला होता आणि वासही आल्यासारखा वाटला होता. पेरांपाशी कापूस दिसत होता पांढरा पांढरा. केस कुरळे करायच्या वेळी बायकांच्या कपाळाला लावायचा तोच कापूस कुठेतरी अडकून राहिला असेल, असं म्हणून तिने तोही तसाच ठेवला. दुसरं कुणी असतं तर झाडाला काही झालंय म्हणून लगेच धावलं असतं. ही केस कापायच्या दुकानातली बाई, हिला चिकटपणात स्प्रे दिसला आणि किडीत कापूस.

पण आता मुंग्या दिसल्या. कुंडीच्या काठावरून वर चढून रांगेने पलंगाकडे निघालेल्या. स्प्रेला मुंग्या लागत नाहीत एवढं तिला कळत होतं. तिने एक पान वळवलं, ते पिवळं पडलेलं होतं, हातातच आलं. पेराच्या बेचक्यात तो कापूस होता. धाकटी जवळ गेली, उजवा डोळा त्याच्याशी नेला आणि सवयीने हलकी फुंकर मारली.

कापूस हलला नाही.

तिने पुढच्या बेचक्यात फुंकर मारली, त्याच्या पुढच्यात मारली. सगळा कापूस बसून राहिला. ज्या परीक्षेवर तिने सगळा जन्म काढला ती परीक्षा घ्यायचं तिला इतके दिवस सुचलंही नव्हतं. ती पलंगावर बसली आणि खोली रिकामी असूनही, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ताई, खिडकी लावून घे गं."

नर्सरीवाला कोपऱ्यावरच होता. माणूस भला, पण आवाज असा की रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर बोलून बोलून त्याला हळू बोलणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो वर आला, वेलीचं टोक हातात धरलं आणि गर्जला, "पिठ्या ढेकूण!"

"हळू बोला हो," धाकटी म्हणाली.

"अहो, हळू बोलून जाणार आहेत का ते? हे बघा. पीठ लावल्यासारखे दिसतात म्हणून पिठ्या. रस पितात आणि चिकटा सोडतात, त्याला मुंग्या लागतात. तरी नशीब समजा. पानांवर बारीक बारीक फिके ठिपके आणि खाली कोळ्याचं जाळं दिसलं असतं तर तो लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटकायचं, ठिपके चालायला लागले की समजायचं. देठावर तपकिरी खपली, नखाने निघते, ती खवले कीड. मातीतून चिलटं उडाली तर पाणी जास्त होतंय. हे त्यातलं काही नाही. हे ढेकूण."

"औषध?"

"पहिलं म्हणजे दुसऱ्या झाडांपासून लांब ठेवा. दुसरी नाहीत? उत्तम. स्पिरिटमध्ये कापूस बुडवायचा आणि प्रत्येक बेचक्यात टेकवायचा. आधी एका पानावर लावून बघा, पान जळलं नाही तर पुढे. मग साबणाच्या पाण्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसायची. मग कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण घालून पाण्यात फेटायचं, ऊन उतरल्यावर फवारायचं. आणि एकदा करून हात झटकू नका. अंडी राहतात. दर आठवड्याला, महिनाभर."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. हे तर सगळं ओळखीचं होतं. उवा मारल्या तरी लिखा राहतात, म्हणून आठवड्याने पुन्हा बघायचं, हे तिने किती आयांना सांगितलं होतं.

"आणि हा पलंगाजवळचा शेवटचा भाग," नर्सरीवाला म्हणाला, "हा फार भरलाय. कापून टाका, पिशवीत बांधून फेका."

"कापायची नाही," धाकटी म्हणाली.

"का?"

"नाही कापायची. घरातला नियम आहे."

त्याने खांदे उडवले आणि जिना उतरला. आणि खाली रस्त्यावर पोचल्यावर त्याला आणखी काहीतरी आठवलं. त्याने मान वर करून खिडकीकडे बघत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "मावशी! ढेकणांचं औषध दुकानात काढून ठेवतो! पलंगाकडचे आधी मारा!"

समोरच्या खिडकीतला पडदा हलला. तिथे राहणाऱ्या बाईला सगळी गल्ली बिनतारी म्हणायची. वाईट बाई नव्हती. मावशीला रात्री-अपरात्री काही झालं तर कळवायचं म्हणून भाच्याने आपला नंबर तिच्याकडेच देऊन ठेवला होता. तिने तो इमानाने वापरला.

संध्याकाळी फोन वाजला. "मावशी, खरं सांग. घरात ढेकूण झालेत?"

"वेलीवर झालेत."

"म्हणजे झालेत!"

"अरे, ते ढेकूण म्हणजे ढेकूण नव्हेत. नुसतं नाव आहे. माणसाला चावत नाहीत. पांढरे असतात, पिठासारखे."

 मग भाचा फार प्रेमाने म्हणाला, "मावशी, ढेकूण पांढरे नसतात. तुला नीट दिसलं का?"

त्याच्या आवाजातलं प्रेमच तिला जास्त झोंबलं. रागावला असता तर तिने दोन शब्द सुनावले असते. "या आणि बघा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

ते यायला अजून थोडे दिवस होते. धाकटीने स्पिरिट आणलं, कापूस आणला आणि वेलीला खिडकीशी ओढून घेतलं. चार भाग केले, तीन चापांनी पडद्याला अडकवले, चौथ्यात शिरली. मुळापासून सुरुवात, मग वर. कापूस टेकवला की पांढरं पीठ विरघळून खाली तपकिरी ठिपका राहायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, झालंच. दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर त्याच बेचक्यांत पुन्हा मऊ लागलं. उजव्या डोळ्याने एक बाजू दिसायची तर दुसरी अंधारात जायची. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं, भिंग लावून बघितलं. जवळचं दिसायचं पण सगळं एकदम दिसायचं नाही, आणि लिखा बघायला सगळं एकदम दिसावं लागतं. पलंगाजवळचा शेवटचा भाग तर पांढराच राहिला. नर्सरीवाल्याने सांगितलं तसं तो कापायला हवा होता. तिने भाजीची सुरी घेतलीही, पेरावर टेकवलीही. हात विंचरणारा आहे, कापणारा नाही, हे मनात आलं आणि तिने सुरी जागेवर ठेवून दिली. त्या दिवशी ती जेवली नाही. थोरली दारात येऊन आधी वेल बघणार, आणि पोरगा आधी हिचा डोळा बघणार, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

ते आले तेव्हा ऊन चांगलं होतं. जिन्यातच बिनतारीने गाठून सूनबाईला सांगितलं, सामान गादीवर ठेवू नका हो. त्यामुळे सूनबाई दारातच पिशव्या हातात धरून उभी राहिली. तिचाही दोष नव्हता; परदेशी न्यायच्या बॅगा घरी भरून ठेवलेल्या होत्या आणि त्यांत ढेकूण गेले तर काय, हा विचार कुणाच्याही मनात आला असता. भाच्याने पुढे होऊन धाकटीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून पलंगाच्या सांध्यांकडे बघितलं.

थोरली मात्र सरळ आत आली. केवढी बारीक झाली होती! डोक्याला रुमाल बांधलेला, उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवलेला. ती बहिणीकडे बघून हसली आणि सवयीप्रमाणे आधी वेलीपाशी गेली.  थोरलीने पलंगाजवळचा शेंडा वर उचलला, चष्म्याशिवाय बघितला, ओठ पुढे काढून त्यावर फुंकर मारली, आणि क्षणभर थांबून, खिडकीकडे ढुंकूनही न बघता म्हणाली, "धाकटे, खिडकी लावून घे गं."

धाकटीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. पोरांसमोर नको म्हणून तिने तोंड फिरवलं.

"खिडकी उघडीच राहू दे, आई," भाचा म्हणाला. "हवा खेळती पाहिजे." टोपलीत झोपणाऱ्याला ती खूण कुठून माहीत असणार?

"हे का ते ढेकूण?" सूनबाईने पिशव्या खाली ठेवून जवळ येत विचारलं. "अय्या, हे तर झाडावरचे. माझ्या ऑफिसच्या कुंडीत झाले होते." आणि ती पलंगावर बसली. तिच्यापुरता प्रश्न मिटला होता.

भाच्याचा मिटला नव्हता. "मावशी, इतके होईपर्यंत तुला दिसले नाहीत?"

धाकटीने आता लपवलं नाही. "डाव्या डोळ्याने दिसत नाही रे," ती म्हणाली. "उजव्याने दिसतं, पण उशिरा. मला वाटलं, ताईचा स्प्रे आहे."

"कुठला स्प्रे?"

"तुला नाही कळायचं," थोरली मध्येच म्हणाली. तिने एक पान हातात घेतलं होतं आणि अंगठा बोटावर चोळून बघत होती. चिकट बोटांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "स्पिरिट कुठे आहे? आण इकडे. ऊन आहे तोवर उरकून घेऊ."

धाकटीने कापूस बुडवला. थोरलीने हात मांडीवर दाबून धरला आणि डोळे कामाला लावले. "खालून दुसरं पेर, आतल्या अंगाला. हं. पान उलट कर, शिरेजवळ. त्याच्या मागे एक लपलाय. देठाच्या पापुद्र्याखाली, नख घाल." भाचा आधी उभा होता, मग बसला, मग साबणाचं पाणी आणायला उठला. खोलीत दुकानातल्यासारखा ओला वास सुटला. कुंडीपासून कपाटापर्यंतची वेल हळूहळू हिरवी दिसायला लागली.

शेवटच्या भागापाशी धाकटी थांबली. "हा काही सुटत नाही, ताई. तो नर्सरीवाला म्हणत होता कापा."

"बरोबर म्हणतो. काप."

"तूच म्हणालेलीस कापायची नाही."

"मी म्हणाले होते, माझ्या कात्रीतून सुटू दे," थोरली म्हणाली. "तुझ्या नाही."

तिने पिशवीत डावा हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली कात्री काढली. इतकी वर्षं न वापरताही तिला तेल दिलेलं होतं. ती तिने धाकटीपुढे धरली.  "त्या बाईचे केस तू चांगले कापले होतेस, धाकटे," ती म्हणाली. "ती पुढच्या वेळी येऊन म्हणाली, तुमच्या बहिणीलाच कापू द्या. मला धडकी भरली. एकाच कापणाऱ्या हातापुरतं काम होतं त्या दुकानात, पोरगं लहान होतं. मी तुला तसं बोलायला नको होतं."

 धाकटीने कात्री घेतली, बोटं तिच्या कड्यांत घातली. थोरलीने दाखवलेल्या पेराखाली एकदा दाबली, आणि ती लांब पांढरी शेपटी पलंगावर पडली. सूनबाईने ती पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवली.

"आता माझे," थोरली म्हणाली आणि डोक्याचा रुमाल सोडला.

सगळे बघत राहिले. केस पांढरेशुभ्र, वाढून कसेही पाठीवर आलेले, रबराने बांधलेले. "तिथे कुणाला हात लावू देत नाही," सूनबाई हळूच म्हणाली. "किती वेळा म्हटलं मी, पार्लरला नेते."

"आई, अजून काही ठरलेलं नाही," भाचा म्हणाला. "आपण बोलू आधी."

"बोल की. मी ऐकते," थोरली म्हणाली. "केस दर दीड महिन्याने वाढणार. वृद्धाश्रमातून दर वेळी मला इथे कोण आणणार ते सांग. आणि मावशीचा डावा डोळा तू जायच्या आधी करून घ्यायचा, ते तुझं काम. तोवर तिला काय दिसत नाही ते मी सांगेन, आणि माझा चहा ती ओतेल. बोल, आणखी काय ठरवायचंय?"

भाच्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान डोलावली. मग तो उठून टॉवेल शोधायला गेला. टॉवेल कपाटात कुठल्या कप्प्यात असतो हे त्याला अजून माहीत होतं.

धाकटीने तो टॉवेल बहिणीच्या खांद्यांवर टाकला, केस ओले केले, चार भाग केले आणि तीन चापांनी वर अडकवले. मानेवर वाकली आणि सवयीने तिथे एक फुंकर मारली. थोरली गुदगुल्या झाल्यासारखी हसली, तिचे खांदे हलले, आणि धाकटीने कात्री वर धरली.

"मान हलवू नकोस, ताई," ती म्हणाली.

आणि थोरलीने मान खाली घालून स्थिर धरली.